अडतंय नेमकं कुठे? वाचन, मोबाईल आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात वाचून दाखवणाऱ्या ॲपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. आईबाबांची पत्रं सगळ्यात जास्त, मग शिक्षक, आणि दोन-तीन पत्रं चक्क मुलांची. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत आटपलीत, प्रश्नच तसे होते.

ताई नमस्कार. मुलगा पाचवीत आहे. बोलायला एकदम तरबेज, गोष्ट सांग म्हटलं की रंगवून रंगवून सांगेल, पण पुस्तक हातात दिलं की अर्ध्या पानाला अर्धा तास. जोडाक्षर आलं की थांबतो नाहीतर पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देतो. त्याच्या टीचर म्हणाल्या धडे मोबाईलवर ऐकवा. सासरे म्हणतात ह्या कुबड्या आहेत, एकदा लागल्या की सुटायच्या नाहीत. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच घोळ होतो. — एक आई

आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि घरीच एक छोटी गोष्ट करून बघा. त्याच्याच इयत्तेच्या पुस्तकातले, त्याने अजून न वाचलेले दोन उतारे घ्या, साधारण सारख्याच अवघडपणाचे. एक त्याला स्वतःला वाचू द्या आणि मग चार-पाच प्रश्न विचारा. दुसरा तुम्ही नेहमीच्या आवाजात वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. ऐकलेल्या उताऱ्याची उत्तरं पटापट आली आणि स्वतः वाचलेल्याला गडी गप्प बसला, तर अडचण अक्षरावरून शब्दापर्यंत पोचण्यात आहे, डोक्यात नाही. दोन्हीकडे गप्प बसला तर मामला वेगळा, तिथे भाषा, शब्दसंग्रह, लक्ष लागणं हे सगळं बघावं लागेल आणि नुसतं ऐकवून फार काही होणार नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. गॉफ आणि टनमर ह्या दोन संशोधकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं, ते आजही वापरतात: वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य, दुसरं कितीही चांगलं असलं तरी. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमच्या मुलाची भाषा मजबूत आहे आणि पहिला आकडा कमी पडतोय, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, करून बघा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. त्यांची भीती एका ठिकाणी अगदी खरी आहे: ऐकवणं हे वाचायला शिकवण्याच्या *जागी* आलं तर मुलगा तिथेच राहील. म्हणून दोन कामं दोन वेगवेगळ्या वेळी ठेवायची, मिसळायची नाहीत. एक काम वाचायला शिकण्याचं. रोज पंधरा-वीस मिनिटं, मोबाईल बंद, त्याच्या इयत्तेपेक्षा सोपा मजकूर, आणि अक्षर-आवाज-जोडाक्षर असं पायरीपायरीने. तो समुद्रला समोर म्हणत असेल तर नुसतं "नीट बघ" म्हणून उपयोग नाही, स-मु-द्र असे तुकडे पाडून, द्र मधे द कुठे आणि र कुठे लपलाय ते बोटाने दाखवून, मग द्राक्ष, निद्रा, चंद्र असे त्याच घरातले शब्द लगेच वाचायला द्यायचे. पहिली वेलांटी पण अशीच छळते, लिहिताना अक्षराच्या आधी आणि बोलताना नंतर. हे काम कुठलंही मशीन त्याच्या वतीने करणार नाही आणि "आमचं ॲप महिन्याभरात मूल वाचतं करेल" असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

दुसरं काम विज्ञान, इतिहास, भूगोल समजून घेण्याचं. तिथे ऐकू द्या ना! प्रकाशसंश्लेषण हा शब्द वाचण्यात त्याची सगळी ताकद गेली तर पान काय करतं हे समजायला डोक्यात जागाच उरत नाही. आणि एक गोष्ट सासऱ्यांना जरूर सांगा. जो वाचतो त्याला नवे शब्द भेटतात, नवे शब्द आले की पुढचं वाचणं सोपं होतं, आणि जो वाचत नाही तो दर वर्षी अजून मागे पडतो, हे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच ह्यांनी १९८६ मधेच मांडून ठेवलंय. म्हणजे आज बोलण्यात तरबेज असलेला मुलगा आठवीपर्यंत शब्दांनीही गरीब होऊ शकतो, आणि ते कुबड्या न दिल्यामुळे. ऐकणं ही गळती थांबवतं. २०१८ मधे वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनात अडचण असलेल्या मुलांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर मजकूर वाचून दाखवल्याने समजण्यात सरासरी ०.३५ एवढा फायदा दिसला, फरक किती मोठा ते सांगणाऱ्या मोजपट्टीवरचा हा आकडा. ह्या मोजपट्टीवर ०.२ म्हणजे थोडा आणि ०.५ म्हणजे मध्यम धरतात. चमत्कार नाही, पण आहे, आणि कोणाचं नुकसान करून आलेलं नाही.

कसं ऐकवायचं हे मात्र महत्त्वाचं. पलंगावर लोळत कानात इअरफोन घालून धडा लावला तर पाचव्या मिनिटाला मन कुठेतरी फिरायला गेलेलं असतं. मजकूर डोळ्यासमोर पाहिजे आणि जो शब्द बोलला जातोय तो रंगून दिसला पाहिजे, बऱ्याच ॲपमधे ही सोय असते, नसेल तर छापील पुस्तकावर बोट. स्पीड नेहमीपेक्षा थोडी कमी. एक परिच्छेद झाला की थांबवायचं आणि "काय झालं ते सांग" एवढंच म्हणायचं. सांगता नाही आलं तर तोच परिच्छेद परत, पुढे पळायचं नाही. परत ऐकायला मशीन कंटाळत नाही, हा त्याचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण आपण तिसऱ्यांदा वाचून दाखवताना आवाज चढतोच, खोटं कशाला बोला.

डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचनातल्या अडचणीसाठी, खास फॉन्ट मिळतो असं व्हिडिओत बघितलं, खाली जाड आणि वर बारीक अक्षरं. शिवाय रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवायचे. दोन्ही आणले. मुलगी म्हणते छान दिसतं, पण वाचनात फरक काही कळेना. अजून वेळ द्यायचा का? — बाबा

नका देऊ. म्हणजे तिला आवडत असेल तर असू द्या, नुकसान काही नाही, पण त्यावर आशा लावून बसू नका. ह्या खास फॉन्टवर ज्या चाचण्या झाल्या त्यात वाचनाचा वेग किंवा अचूकपणा वाढल्याचं काही दिसलं नाही, आणि रंगीत कागदाबद्दलही भक्कम पुरावा नाही. अडचण मुळात अक्षराच्या आकाराची कमी आणि अक्षर-आवाज जोडण्याची जास्त असते, मग अक्षर खाली जाड करून काय होणार?

त्याऐवजी एक फुकटची गोष्ट करा: अक्षरांमधली जागा वाढवा. २०१२ मधे झोर्झी आणि सहकाऱ्यांनी इटालियन आणि फ्रेंच डिस्लेक्सिक मुलांना नेहमीचाच मजकूर दिला, फक्त अक्षरं एकमेकांपासून लांब केलेली, आणि कुठलाही सराव न करता मुलं जास्त बरोबर आणि जास्त भरभर वाचायला लागली. गर्दी कमी झाली एवढंच. आपल्या लिपीत मात्र अक्षरं फार ताणली तर शिरोरेषा तुटून शब्दच विस्कटल्यासारखा दिसतो, म्हणून मी म्हणेन शब्दांमधली आणि ओळींमधली जागा आधी वाढवा, अक्षर मोठं करा, ओळ आखूड ठेवा, आणि दोन्ही बाजूंना लावून सरळ केलेली समास-जुळणी काढून टाका. मग तिलाच विचारा कुठलं पान बरं वाटतं. आणि एकदा तिच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन चुका मोजा, कारण "छान दिसतं" आणि "वाचता येतं" ह्यात फरक असतो हे तुमच्या पत्रातच आलंय.

मी शिक्षिका आहे. वर्गातल्या चार मुलांसाठी धड्यांची पीडीएफ मोबाईलवर घेतली, वाचून दाखवणारं ॲप लावलं तर एक पीडीएफ अजिबात बोलत नाही आणि दुसरी भलतंच काहीतरी बडबडते, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मोबाईल खराब आहे का? तिसरी फाईल बोलली पण मधेच पान नंबर आणि धड्याचं नाव वाचत बसते. — एक टीचर

मोबाईल ठणठणीत आहे. तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत, एकेक बघू.

न बोलणारी फाईल म्हणजे फोटो आहे. पान स्कॅन करून पीडीएफ केलं की तुम्हाआम्हाला अक्षरं दिसतात पण मशीनला ते फक्त चित्र. ओळखायची खूण सोपी: एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा, शब्द निळा होऊन निवडला गेला तर आत अक्षरं आहेत, नाही गेला तर चित्र. चित्रातून अक्षरं काढायला ओसीआर लागतं, आणि ते आता मोबाईलच्या कॅमेरातच असतं, गूगल लेन्ससारख्या ॲपने फोटोतला मजकूर निवडून थेट ऐकताही येतो. रे कर्झवाईल ह्यांनी १९७६ मधे छापील पान बघून मोठ्याने वाचणारं मशीन पहिल्यांदा लोकांसमोर आणलं तेव्हा स्कॅनर, अक्षरं ओळखणं, आवाज असा सगळा बोजड संसार एकत्र होता आणि ते अंध वाचकांसाठी होतं. तेच काम आज खिशात आहे आणि आपण त्याने कुरियरच्या पावत्या स्कॅन करतो.

पण ओसीआर नीट व्हायचं तर फोटो नीट पाहिजे. पान सपाट, शिवणीजवळ वळलेल्या ओळी हमखास चुकतात. आपली सावली पानावर पडू देऊ नका. स्कॅनर वापरत असाल तर ३०० डीपीआय ठेवा. दोन कॉलमचं पान असेल तर एकेका कॉलमचा वेगळा फोटो, नाहीतर मशीन डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून नवाच धडा तयार करतं. आणि मुलांना द्यायच्या आधी स्वतः एकदा नजर फिरवा, खास करून जोडाक्षरं, आकडे आणि सनावळी. सनातला एक आकडा बदलला तर जो मुलगा आधीच वाचायला घाबरतो तो चुकीचं वर्ष मनापासून पाठ करून येणार, आणि मार्क त्याचेच कापणार.

बडबडणारी फाईल बहुतेक जुन्या फॉन्टमधे टाईप केलेली आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची एकच ठरलेली पद्धत; त्याच्या आधीच्या त्या फॉन्टमधे आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, वरून फक्त मराठीचा मुखवटा. डोळ्याला मराठी दिसतं, मशीन मुखवट्याच्या आतलं वाचतं. त्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, फाईलमधला मजकूर कॉपी करून युनिकोडमधे बदलायचा. ते जमत नसेल तर सरळ पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि ओसीआर करा, थोडं उलटं वाटतं पण कधीकधी तेच लवकर होतं. शाळेत नवीन नोट्स, प्रश्नपत्रिका टाईप होतात त्या तरी इथून पुढे युनिकोडमधेच करा असा हट्ट धरा, हा हट्ट वरच्या सगळ्या ॲपपेक्षा जास्त कामाचा आहे.

तिसरी फाईल मूळची बरी आहे, फक्त वरची-खालची पट्टी, पान नंबर वाचते. मजकूर वर्डमधे किंवा गूगल डॉक्समधे नेऊन पट्ट्या उडवा. तिथे शीर्षकं खरी हेडिंग म्हणून लावली तर मुलाला पाहिजे त्या भागावर उडी मारता येते. तक्ते आणि गणिताची सूत्रं मशीन धड वाचत नाही, ती तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या, उगाच वेळ घालवू नका.

आणि नवीन ॲप शोधायच्या आधी मोबाईलमधे काय आहे ते बघा. अँड्रॉइडमधे सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत सिलेक्ट टू स्पीक असतं, चालू केलं की स्क्रीनवरचा पाहिजे तो मजकूर निवडून ऐकता येतो. आयफोनमधे स्पीक स्क्रीन चालू करून वरून खाली दोन बोटं ओढायची. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट एजमधे रीड अलाउड आहे, त्यात मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, बऱ्यापैकी माणसासारखे. मुलांना आवाज निवडू द्या, ह्या गोष्टीवरून वर्गात भांडणं होतात आणि ती चांगली भांडणं असतात.

अजून एक. प्रत्येक पुस्तकाचं हे सगळं तुम्हीच करत बसायची गरज नाही. २०१३ चा मराकेश करार आहे, २०१६ पासून लागू झालेला, त्यात सामील झालेल्या देशांमधे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता पुस्तकाची वाचता-ऐकता येईल अशी प्रत मान्यताप्राप्त संस्थांना करता येते. हा करार फक्त अंधांसाठी आहे असं बऱ्याच शाळांना वाटतं. तसं नाही, वाचनातली अक्षमताही त्यात स्पष्ट लिहिलेली आहे, म्हणजे डिस्लेक्सिया आलाच. बुकशेअरसारखी ऑनलाईन लायब्ररी त्यासाठीच आहे, फक्त अडचण असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

मी नववीत आहे. मला वाचायला वेळ लागतो म्हणून सरांनी वर्गात टॅब वापरायला सांगितलंय, इअरफोन लावून. सगळे बघतात. एकजण म्हणाला हिला परीक्षेत पण गाणी लागतील. आता मी टॅब दप्तरातच ठेवते आणि घरी सांगते की वापरते. हे चुकीचं आहे का?

चुकीचं नाही गं, फार नेहमीचं आहे. १९९३ मधे फिलिप्स आणि झाओ ह्यांनी सहाय्यक साधनं वापरणाऱ्या मोठ्या माणसांना विचारलं होतं, तर २९.३ टक्के साधनं लोकांनी वापरणं सोडून दिलेलं निघालं, आणि एक मोठं कारण काय तर ज्याला वापरायचंय त्याचं मत निवडताना विचारातच घेतलं नव्हतं. तुला तरी कोणी विचारलं का, कधी वापरायला आवडेल, कुठे बसून, कशावर? पत्रावरून तरी वाटत नाही.

तर आता तूच सांग. सरांना एकटीने भेट, भीती वाटत असेल तर लिहून दे. म्हणावं वर्गात सगळ्यांसमोर इअरफोन नको, धडा शिकवायच्या आदल्या दिवशी मला फाईल द्या, मी घरी ऐकून येते. वर्गात नवीन धडा आधीच ओळखीचा असेल तर पुस्तकातून वाचणंही सोपं जातं, तुला फरक जाणवेल. किंवा एकाच कानात छोटा इअरफोन. किंवा ज्या तासाला सगळेच टॅब उघडतात त्या तासाला. मार्ग आहेत. पण मार्ग तू निवडलेला पाहिजे, नाहीतर तो पण दप्तरात जाईल.

परीक्षेचं म्हणशील तर त्या मुलाला माहीत नसावं की बऱ्याच ठिकाणी ही सोय अधिकृत आहे. इंग्लंडच्या जीसीएसई ह्या शालेय परीक्षेत तर गंमत आहे, इंग्रजीच्या पेपरात जो भाग वाचनच तपासतो तिथे माणसाने वाचून दाखवायला बंदी, पण कॉम्प्युटर रीडर, म्हणजे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालतो. माणूस वाचताना आवाजाच्या चढउतारातून अर्थ सांगून जातो, मशीन तसं काही फुकट देत नाही, असं मला त्यामागचं कारण दिसतं. पण तिथे एक अटही असते, की जी सोय मागताय ती विद्यार्थ्याची रोजची कामाची पद्धत असली पाहिजे. तुझ्या बोर्डाचे नियम वेगळे असतील, सरांना ते आत्ताच काढायला सांग, दहावीच्या फॉर्मच्या वेळी नको. आणि नियम काहीही असोत, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वापरलेलं साधन मदत कमी आणि गोंधळ जास्त करतं, म्हणून सराव पाहिजेच.

घरी मात्र खरं सांगून टाक. तू वापरतेस असं समजून ते मार्क बघतात आणि मग टॅबचा उपयोगच नाही असं ठरवतील.

आधी डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घ्यायचं मग साधन, की आधी साधन? सहा महिने नंबर लागत नाहीये. — वाट बघून कंटाळलेली आई

डोळे आणि कान आधी तपासून घ्या, ते लगेच होतं आणि कधीकधी घोळ तिथेच निघतो. बाकी तपासणीची वाट बघत ऐकणं, अक्षर मोठं करणं, बोलून लिहिणं हे सगळं आजपासून सुरू करा, त्याला कोणाची सही लागत नाही. सर्टिफिकेट परीक्षेतल्या सवलतीसाठी आणि वर सांगितलेल्या लायब्ररीसाठी लागतं, त्यामुळे नंबर सोडू नका.

वय ४१. लहानपणापासून शुद्धलेखनाची बोंब, तेव्हा मठ्ठ म्हणायचे. ऑफिसात आता सगळं मेलवर चालतं, एक मेल लिहायला तास लागतो, दहा वेळा वाचतो तरी चुका राहतात. ह्या वयात काही होतं का?

होतं, आणि तुमच्यासाठी तर सगळ्यात लवकर होतं, कारण काय म्हणायचंय हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, फक्त बोटातून उतरत नाही. बोलून टाईप करा. मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, कॉम्प्युटरवर क्रोममधे गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंग.

सुरवातीला सगळेच एक शब्द बोलून स्क्रीनकडे बघतात, बरोबर आला का म्हणून. तसं करू नका. मशीन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे अख्खं वाक्य एका दमात बोललात तर जास्त बरोबर येतं. आधी मनात किंवा कागदावर तीन मुद्दे टाका, मग एकेक वाक्य बोला, विरामचिन्हं नंतर हाताने घाला. आणि तपासताना दहा वेळा वाचू नका. मेल मशीनकडून वाचून घ्या आणि तुम्ही नुसतं ऐका. डोळा स्वतःची चूक सरळ ओलांडून जातो, त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, कान मात्र गाळलेल्या शब्दाला लगेच अडखळतो. ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कळणार नाही, त्याला स्पेलचेकर आहे, आणि राहिली एखादी वेलांटी तर राहू द्या, ऑफिसात कितीजणांना ती दिसते?

मठ्ठ म्हणणाऱ्यांचं मी इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

एआयला धडा दिला की तो सोपा करून देतो. मुलगी तेच वाचते, मूळ पुस्तक उघडतच नाही. चांगलं की वाईट?

सोपा केलेला धडा *आधी* वाचून मग मूळ धडा ऐकत असेल तर चांगलं, कारण काय चाललंय हे आधीच माहीत असलं की अवघड वाक्यं अंगावर येत नाहीत. मूळ उघडतच नसेल तर वाईट, दोन कारणांनी. सोपं करताना नेमके तेच शब्द गळतात जे परीक्षेत विचारतात, बाष्पीभवनाचं "पाणी उडून जाणं" होतं आणि पेपरात बाष्पीभवन आलं की मुलगी बघतच राहते. दुसरं म्हणजे एआय कधीकधी मुळात नसलेली गोष्टही अगदी आत्मविश्वासाने घालतो, आणि वाचनात कच्च्या मुलाला ती पुस्तकाशी ताडून बघणं सगळ्यात जड. त्याला सांगताना असं सांगा: वाक्यं लहान कर, पण पारिभाषिक शब्द तसेच ठेव आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच ओळीत दे. तरीही पहिले काही धडे तुम्ही शेजारी पुस्तक ठेवून तपासा.

शब्दावरून फिरवला की बोलणारा पेन घ्यावा का? मुलगा हट्ट धरून बसलाय. — अजून एक बाबा

आधी बघा तो तुमच्या मुलाच्या पुस्तकाची भाषा आणि लिपी वाचतो का, बरेच पेन इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांवरच चालतात. वाचत असेल तरी दुकानात किंवा कोणाकडून मागून त्याच्याच पुस्तकावर फिरवून बघा, कारण ओळीवरून सरळ रेषेत हात नेणं लागतं आणि काही मुलांना तेच जमत नाही, पेन वर-खाली सरकतो आणि अर्धाच शब्द येतो. एखाददुसऱ्या शब्दाला अडणाऱ्या मुलाला पेन बरा, अख्खं पान अवघड जाणाऱ्याला मोबाईलचा कॅमेराच बरा. हात स्थिर असेल, भाषा चालत असेल आणि मोबाईल शाळेत चालत नसेल तर घ्या.

पुढच्या अंकासाठी गणिताचे प्रश्न पाठवा, पाढे आणि उलटे आकडे ह्यावरची पत्रं बाजूला काढून ठेवलीत.